संकटनिवारण : सोलापूरच्या तरुणांसाठी रोजगाराची नवी वाट

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला, तेव्हा जखमींना घेऊन वाहने सोलापूरच्या रुग्णालयांकडे धावली. १८ मे २०२५ च्या पहाटे अक्कलकोट रोड एमआयडीसीतील टॉवेल कारखान्याला आग लागून मालकाच्या कुटुंबासह कामगार असे ८ जण दगावले. त्याच वर्षी सप्टेंबरात सीना नदीच्या पुराने माढा, मोहोळ भागातील गावे वेढली. संकट सांगून येत नाही, पण त्याला तोंड देणारी माणसे आधीच तयार करावी लागतात. आज हा एक स्वतंत्र पेशा झाला आहे.

२००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानंतर राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल उभे राहिले. त्याची पाचवी बटालियन पुणे जिल्ह्यात सुदुंबरे येथे आहे. या दलात जवान प्रतिनियुक्तीवर येतात. म्हणून आधी सीमा सुरक्षा दल, केंद्रीय राखीव पोलीस दल यांसारख्या केंद्रीय दलात भरती व्हावे लागते. दहावी उत्तीर्ण तरुणांसाठीची शिपाई भरतीची परीक्षा २०२४ पासून मराठीतही देता येते.

अग्निशमनाकडे जायचे असेल तर मुंबईच्या महाराष्ट्र अग्निशमन सेवा अकादमीचे अभ्यासक्रम आहेत. बारावी विज्ञाननंतर नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयातून फायर इंजिनिअरिंगची पदवी घेता येते. इंजिनिअरिंगचा डिप्लोमा घेऊन कारखान्यात अनुभव मिळवलेल्यांसाठी मुंबईत शीव येथील केंद्रीय श्रम संस्थेचा औद्योगिक सुरक्षेचा अभ्यासक्रम आहे. तो पूर्ण केल्यास कारखान्यात सेफ्टी ऑफिसर होता येते. पदवीधरांना टाटा समाजविज्ञान संस्थेत आपत्ती व्यवस्थापनाचे उच्च शिक्षण मिळते.

कारागिरांनाही काम

वायरमन, प्लंबर, वेल्डर यांनी हे क्षेत्र आपले नाही असे समजू नये. महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार इमारतीतील आगविरोधी यंत्रणा चालू स्थितीत ठेवणे ही मालकाची किंवा ताबेदाराची जबाबदारी आहे. हा कायदा लागू असलेल्या इमारतींना दर जानेवारी व जुलैत परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र द्यावे लागते. हायड्रंटची पाइपलाइन, स्प्रिंकलर, धूरसूचक यंत्र, पंप ही सारी कामे हातात कसब असलेल्याचीच आहेत. अशा संस्थेत दोन-तीन वर्षे उमेदवारी करावी, मग परवान्याच्या अटी पाहून स्वतःचा धंदा काढावा.

मालकांनी काय करावे

यंत्रमाग कारखान्यात सूत, टॉवेलचे गठ्ठे आणि हवेत उडणारे कापसाचे तंतू सहज पेट घेतात. जुनी वायरिंग व जादा भार ही धोक्याची जोड. तंतू रोज झाडावेत, वायरिंग तपासून घ्यावी, बाहेर पडण्याचे दोन रस्ते मोकळे ठेवावेत. कारखान्यातच कुटुंब राहत असेल तर ही काळजी दुप्पट घ्यावी. विजेच्या आगीवर पाणी टाकू नये. कोरड्या पावडरचा किंवा कार्बन डाय-ऑक्साइडचा सिलिंडर वापरावा आणि तो चालवणारी दोन माणसे प्रत्येक पाळीत असावीत.

शेवटी पालकांना एक सूचना. फी भरण्यापूर्वी त्या संस्थेचे प्रमाणपत्र सरकारी भरतीत चालते का, हे अग्निशमन दलाच्या कार्यालयात विचारून घ्यावे. पाटी मोठी असली म्हणजे मान्यता असतेच असे नाही. योग्य शिक्षण घेतलेला मुलगा घर चालवील आणि वेळ आली तर चार जीवही वाचवील.