खड्ड्याचं मूळ काळ्या मातीत

धुळ्याहून पारोळा, एरंडोल, जळगाव, भुसावळ करत विदर्भात जाणारा महामार्ग जुन्या माणसांच्या तोंडी अजून ‘सहा नंबर’च आहे. २०१० मध्ये तो ५३ झाला. नवे क्रमांक मनाला येईल तसे दिले, असं अनेकांना वाटतं. पण उत्तर-दक्षिण रस्त्यांना सम आणि पूर्व-पश्चिम रस्त्यांना विषम अंक, असा त्यामागे नियम आहे. म्हणून इंदूरहून सोलापूरकडे जाणारा ५२ आणि सुरतेहून येणारा ५३ धुळ्यात एकमेकांना छेदतात.

हा गैरसमज निरुपद्रवी आहे. ‘पावसाने रस्ता उखडला’ हा मात्र नाही. जळगावात वर्षाकाठी साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, रत्नागिरीच्या पाव हिस्साही नाही. एवढ्या पावसात रस्ता टिकायलाच हवा. पण तापीकाठची काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हात आकसून भेगाळते. तिच्यावर मुरमाचा भराव अपुरा असेल, गटार बुजलं असेल, साइडपट्टी डांबरापेक्षा उंच झाली असेल, तर पाण्याला बाहेर जायला वाटच उरत नाही. आधी डांबरावर जाळीदार भेगा दिसतात. पाऊस उघडल्यावर केळीने भरलेला ट्रक तिथून गेला की भेगेतून राखाडी चिखल वर उसळतो. म्हणजे खालचा थर वाहून चालला आहे. त्यावर नुसतं कारपेट ओढलं तर पुढच्या पावसाळ्यात खड्डा त्याच जागी पडतो.

ट्रकमध्ये दुप्पट माल भरला तर झीजही दुप्पट, हा हिशेबही चुकीचा. एका आसावरचा भार दुप्पट झाला की झीज सुमारे सोळापट होते. अमेरिकेत १९५८ ते १९६० दरम्यान झालेल्या चाचण्यांतून हे प्रमाण निघालं. आपल्याकडे २०१८ मध्ये चार टायरच्या आसाची कायदेशीर मर्यादाच १०.२ टनांवरून ११.५ टन झाली.

जून २०२२ मध्ये याच महामार्गावर अमरावती-अकोला दरम्यान ७५ किलोमीटर डांबरीकरण विक्रमी १०५ तास ३३ मिनिटांत झालं. मग याच रस्त्यावरच्या फागणे-तरसोद टप्प्याच्या चौपदरीकरणाला इतकी वर्षं का, असं लोक चिडून विचारतात. चीड रास्तच आहे, पण तुलना चुकते. विक्रम एका पदरावर डांबराचा थर टाकण्याचा होता. दोन पदरांच्या हिशेबाने साडेसदतीस किलोमीटर. भूसंपादन, भराव आणि पूल त्या तासांत धरलेले नाहीत.

महामार्गालगतच्या समांतर रस्त्यांसाठी जळगावकरांनी आंदोलनं केली, ती योग्यच होती. आता आपल्या गावाजवळ काम सुरू असेल तर डांबराची जाडी मोजण्याआधी मोरी कुठे ठेवली आहे आणि गटाराचं पाणी कोणत्या नाल्याला सोडलं आहे, ते विचारा.