शेतातल्या घरी इंटरनेट घेताय? राउटरच्या आधी छतावरचा आकडा बघा

गावठाणात फायबरची वायर आली, पण मळ्यातल्या वस्तीपर्यंत दोन-अडीच किलोमीटर केबल ओढायला सहसा कोणी तयार होत नाही. पाटण-जावळीच्या डोंगरात ही अडचण आहे, तशी माण-खटावच्या माळावरही आहे. मग उरतो एकच मार्ग, मोबाईलच्या टॉवरवरून घरात इंटरनेट घ्यायचा. सिम घालायचं, राउटर लावायचा आणि सगळ्या घराला वाय-फाय. ऐकायला सोपं आहे. पण दुकानातून आणलेला राउटर घरात चालत नाही, दुसरा आणला तरी तीच गत, आणि पोरांचे अर्ज भरायला शेवटी तालुक्याचं सेवा केंद्रच गाठावं लागतं, असा अनुभव अनेकांना येतो.

यात चूक बहुतेक वेळा राउटरची नसते. घराला कोणत्या प्रकारचं यंत्र लागतं हे न बघताच खरेदी झालेली असते. बाजारात मिळणाऱ्या यंत्रांत फरक काय आणि कोणतं कुठं चालतं, ते समजून घेऊ.

आधी मोजणी, मग खरेदी

मोबाईलवर दिसणाऱ्या रेंजच्या काड्यांवर भरवसा ठेवू नये. प्रत्येक कंपनीचा फोन त्या आपल्या हिशेबानं दाखवतो. खरा आकडा डीबीएममध्ये असतो. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंगमधल्या 'अबाउट फोन'खाली सिम स्टेटसमध्ये तो सापडतो. हा आकडा उण्यात असतो. उणे ८० किंवा त्याहून शून्याकडे असेल तर रेंज उत्तम. उणे ९० च्या आसपास चांगली. उणे १०० ला काम कसंबसं चालतं. उणे ११० च्या खाली गेली की पान उघडता उघडता बंद पडतं.

या आकड्यांतला फरक वाटतो त्यापेक्षा मोठा असतो. ३ चा फरक म्हणजे सिग्नलची ताकद दुप्पट, १० चा फरक म्हणजे दहापट आणि २० चा म्हणजे शंभरपट. म्हणजे आतल्या खोलीत उणे १०८ आणि छतावर उणे ८८ मिळत असेल, तर छतावरचा सिग्नल शंभरपट ताकदीचा आहे. एवढा फरक घरात ठेवलेला कोणताही राउटर भरून काढू शकत नाही, मग तो कितीही महागाचा असो.

म्हणून खरेदीआधी अर्धा तास काढावा. ज्या कंपनीचं सिम घ्यायचं तेच सिम फोनमध्ये घालावं. मधली खोली, टॉवरच्या बाजूची खिडकी, अंगण आणि छत अशा चार जागी आकडा कागदावर लिहून घ्यावा. प्रत्येक जागी मिनिटभर थांबावं, कारण आकडा स्थिरावायला वेळ लागतो. पत्र्याच्या घरात हा फरक हमखास मोठा येतो, कारण पत्रा सिग्नल अडवतो. स्लॅबच्या जाड भिंतीही बराच सिग्नल खातात. घराभोवती ऊस असेल तर तो डोक्याच्या वर गेल्यावर पुन्हा एकदा मोजावं.

चार प्रकारची यंत्रं

पहिला प्रकार म्हणजे फोनचा हॉटस्पॉट, यूएसबी डोंगल किंवा खिशात मावणारा छोटा राउटर. अँटेना आत आणि बारीक. तात्पुरत्या कामाला ठीक. पण दिवसरात्र चार्जिंगला लावून ठेवलं तर गरम होतं आणि बॅटरी फुगण्याची भीती असते. घराचं कायमचं इंटरनेट यावर उभं करू नये.

दुसरा प्रकार म्हणजे टेबलावर ठेवायचा सिमवाला राउटर. घरात कुठंतरी उणे ९० पर्यंत रेंज मिळत असेल तर हा पुरेसा आहे. तो टीव्हीशेजारी न ठेवता, जिथं आकडा चांगला आला त्या खिडकीत ठेवावा. वायर थोडी लांबवावी लागली तरी चालेल. घेताना एक गोष्ट जरूर बघावी. मागच्या अँटेना फिरवून काढता येतात का? अनेक राउटरला चार दांड्या दिसतात, पण त्यातल्या काही फक्त वाय-फायच्या असतात. टॉवरशी बोलणाऱ्या दोन अँटेना काढता आल्या, तर पुढं गरज पडल्यावर बाहेरची अँटेना जोडता येते.

तिसरा प्रकार म्हणजे राउटर घरात आणि अँटेना छतावर, मध्ये अँटेनाची वायर. स्वस्तात होतो म्हणून अनेक जण याकडे वळतात, पण पैसे इथंच जास्त वाया जातात. अँटेनाची बारीक वायर सिग्नल खाते. आरजी ५८ या बारीक वायरीत २३०० मेगाहर्ट्झच्या आसपास मीटरला साधारण १ डेसिबल जातो. म्हणजे १० मीटर वायरीत दहातला एकच भाग राउटरपर्यंत पोचतो. अँटेनानं जे कमावलं ते वायरीनं घालवलं. वायर ३-४ मीटरात भागत असेल तरच हा प्रकार घ्यावा, नाहीतर जाड आणि कमी नुकसानीची वायर घ्यावी. ती महाग पडते.

दुसरी चूक अँटेनाच्या संख्येची. ४जी यंत्र एकाच वेळी दोन प्रवाहांत डेटा घेतं, त्यासाठी दोन अँटेना लागतात. एकच यागी अँटेना आणून एकाच टोकाला जोडली तर रेंजचा आकडा सुधारतो, पण वेग अपेक्षेइतका वाढत नाही. दोन अँटेना घेऊन एक डावीकडं आणि एक उजवीकडं ४५ अंश कलवून लावाव्यात, नाहीतर आतच दोन्ही असलेली पॅनेल अँटेना घ्यावी.

चौथा प्रकार म्हणजे बाहेर लावायचं यंत्र, ज्याला आउटडोअर युनिट म्हणतात. यात रेडिओ आणि अँटेना एकाच पाणीबंद डब्यात असतात. डबा छतावर किंवा खांबावर बसतो आणि तिथून घरात साधी नेटवर्कची वायर येते. त्याच वायरीतून डब्याला वीजही जाते. ही वायर १०० मीटरपर्यंत नेता येते आणि त्यात सिग्नल जात नाही, कारण टॉवरचा सिग्नल वरच डेटामध्ये बदललेला असतो. घरात वाय-फायसाठी वेगळा साधा राउटर लागतो. घरात रेंज नाही पण छतावर आहे, अशा वस्तीला हाच प्रकार योग्य.

याच प्रकारात टॉवर फार लांब असेल तर छोट्या डिशसारखी यंत्रं मिळतात. मायक्रोटिकच्या एलएचजी एलटीई ६ या यंत्राला १७ डीबीआयची अँटेना आहे. अशी अँटेना एकाच दिशेला बघते, त्यामुळं ती टॉवरवर अचूक रोखावी लागते. दिशा चुकली तर फायदा नाही.

टॉवर ऐकू येतो, पण आपला आवाज तिथं पोचतो का?

बाहेरच्या अँटेनाचा आणखी एक फायदा सहसा कोणी सांगत नाही. टॉवर दहा-वीस वॅट किंवा त्याहून जास्त ताकदीनं बोलतो. आपला फोन किंवा राउटर मात्र जास्तीत जास्त ०.२ वॅटनं बोलतो. म्हणून लांबच्या वस्तीवर व्हिडिओ दिसतो, पण फोटो अपलोड होत नाही, अर्जाची पीडीएफ अर्ध्यात अडकते, व्हिडिओ कॉलवर समोरचा दिसतो पण आपण त्याला दिसत नाही. दिशा धरणारी अँटेना ऐकायला मदत करते तशी बोलायलाही करते. डाउनलोड बरं आणि अपलोड मार खात असेल, तर राउटर बदलण्याऐवजी अँटेना बाहेर काढावी.

खोक्यावरचे आकडे कसे वाचावेत

'३०० एमबीपीएस' असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं. स्वस्त राउटरवर तो आकडा बहुधा वाय-फायचा असतो, टॉवरचा नाही. टॉवरच्या वेगासाठी 'कॅट' बघावा. कॅट ४ म्हणजे डाउनलोडला जास्तीत जास्त १५० एमबीपीएस, कॅट ६ म्हणजे ३०० आणि कॅट १२ म्हणजे ६०० एमबीपीएस. अपलोड कॅट ४ आणि कॅट ६ मध्ये सारखंच, ५० एमबीपीएस. हे सगळे कागदावरचे कमाल आकडे. टॉवरचा वेग गावातल्या सगळ्यांत वाटला जातो.

कॅट ६ चा फायदा असा की तो टॉवरचे दोन बँड एकत्र वापरू शकतो. टॉवरवर असे दोन बँड चालू असतील आणि रेंज चांगली असेल, तरच जास्तीचे पैसे वसूल होतात. कमजोर रेंजमध्ये घरात ठेवलेल्या कॅट १२ पेक्षा छतावरचा कॅट ४ चांगला चालतो.

त्याहून महत्त्वाचा आहे बँड. जिओची ४जी सेवा ८५०, १८०० आणि २३०० मेगाहर्ट्झवर चालते, म्हणजे बँड ५, ३ आणि ४०. बीएसएनएलची ४जी ७०० आणि २१०० वर आहे, म्हणजे बँड २८ आणि १. बाकी कंपन्यांचे बँडही आपल्या यंत्रात असायला हवेत. ७०० आणि ८५० सारखे खालचे बँड लांब जातात आणि झाडी-भिंतीतून बरे निघतात. २३०० वर वेग जास्त मिळू शकतो, पण तो अडथळ्याला लवकर दमतो. बीएसएनएलचं सिम घालायचं असेल तर बँड २८ आहे याची खात्री करावी, स्वस्त यंत्रांत तो नसतोही. परदेशातून आलेली जुनी यंत्रं चांगली दिसतात, पण त्यात बँड ४० नसेल तर इकडं ती निम्मीच कामाची. कंपनीनं दिलेलं यंत्र दुसऱ्या सिमवर चालतं का, हेही आधीच विचारावं.

रेंज फुल, तरी नेट बंद

काही घरांत आकडा उणे ८० असतो आणि तरी संध्याकाळी काही उघडत नाही. इथं दुसरा आकडा बघावा, एसआयएनआर. आपल्या टॉवरचा आवाज बाकीच्या गोंगाटाच्या किती वर आहे, हे तो सांगतो. २० च्या वर उत्तम, १० च्या आसपास चालण्यासारखा, शून्याच्या खाली वाईट. हा राउटरच्या सेटिंगच्या पानावर दिसतो. डोंगराच्या टोकावरच्या घरांना चार दिशांचे टॉवर एकदम दिसतात आणि तिथं हा त्रास जास्त असतो. दिशा धरणारी अँटेना एका टॉवरवर रोखली की बाकीचा गोंगाट कमी होतो.

एसआयएनआर बरा असून पहाटे ५ ला वेग चांगला आणि रात्री ९ ला मेलेला असेल, तर टॉवरवर गर्दी आहे. ती गर्दी कोणतंही यंत्र घालवू शकत नाही. दुसऱ्या कंपनीचं सिम घालून रात्रीच्या वेळीच तपासणं, हाच त्यावर उपाय.

बसवताना

छतावर लोखंडी पाईप उभा करणं म्हणजे वळवाच्या विजेला वाट दाखवणं. पाईपला नीट अर्थिंग करावं. ढग दाटले की वायर राउटरमधून आणि वीज बोर्डातून काढून ठेवावी. विजेचा इशारा देणारं पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं 'दामिनी' अ‍ॅप फोनमध्ये असू द्यावं. वायर उन्हात टिकणारी, बाहेर वापरायचीच घ्यावी. घरात शिरण्याआधी तिला खाली झोळ द्यावा, म्हणजे पावसाचं पाणी वायरीवरून आत येत नाही.

लाईट गेल्यावर नेट चालू राहावं म्हणून १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो. पण बाहेरच्या बऱ्याच यंत्रांना २४ किंवा ४८ व्होल्ट लागतात. यूपीएस घेण्याआधी अ‍ॅडॉप्टरवर छापलेला आकडा वाचावा.

विहिरीवर कॅमेरा लावणाऱ्यांनी डेटाचा हिशेब करावा. १ एमबीपीएसनं सतत चित्र पाठवणारा कॅमेरा दिवसाला जवळजवळ ११ जीबी खातो. रोजच्या २ जीबीच्या प्लॅनमध्ये तो सकाळीच डेटा संपवेल. हालचाल झाली तरच चित्र पाठवणारा कॅमेरा घ्यावा.

आणि रेंज वाढवणारा म्हणून विकला जाणारा 'सिग्नल बूस्टर' घेऊ नये. परवानगीशिवाय तो बाळगणं आणि वापरणं बेकायदेशीर आहे, शिवाय त्यामुळं शेजारपाजारच्या सगळ्यांची रेंज बिघडू शकते. नुसत्या अँटेनाची गोष्ट वेगळी, ती स्वतः सिग्नल वाढवून फेकत नाही.

थोडक्यात निवड

दारापर्यंत फायबर येत असेल तर तेच घ्यावं. ५जीची घरगुती सेवा वस्तीवर मिळत असेल तर तिची चौकशी करावी. दोन्ही नसेल तर छतावरचा कागद बाहेर काढावा. घरात उणे ९० किंवा त्याहून बरा आकडा असेल तर खिडकीतला कॅट ४ राउटर पुरतो. घरात उणे १०० च्या खाली आणि छतावर उणे ९५ च्या वर असेल तर बाहेरचं यंत्र घ्यावं. छतावरही उणे १०५ असेल तर आधी उंच पाईपवर फोन बांधून मोजावं, दुसऱ्या कंपनीचं सिम घालून बघावं, आणि तरी थोडीफार रेंज सापडली तरच डिशवाल्या यंत्राचा विचार करावा. कुठंच काही सापडलं नाही, तर पैसे खिशात ठेवावेत. जिथं सिग्नलच पोचत नाही, तिथं यंत्र तो निर्माण करू शकत नाही.

दुकानदाराकडून घेताना आठ दिवसांत परत घेण्याची बोली बिलावर लिहून घ्यावी. त्या आठ दिवसांत एकदा तरी रात्री ९ वाजता एखादी पीडीएफ अपलोड करून बघावी. ती गेली, तर यंत्र ठेवून घ्यावं.