नळीतून नुसतं पाणी नको

गालाच्या आतल्या कर्करोगाचा रुग्ण ऑपरेशनच्या टेबलावर येतो तेव्हा अनेकदा आधीच उपाशी असतो. सुपारीने तोंडाचं आतलं अस्तर आखडलेलं, जबडा दोन बोटंही उघडत नाही. भाकरीवरून मऊभात, मऊभातावरून चहा-बिस्किट. कपडे ढिले होतात, घरचे म्हणतात, आजारच तसा आहे. त्यात उपासमारीचाही वाटा असतो, हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

1936 साली क्लीव्हलँडच्या हायरम स्टडली या सर्जनने पोटातल्या अल्सरच्या रुग्णांची वजनं तपासली. ऑपरेशनआधी वजन वीस टक्क्यांहून अधिक घटलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश दगावले होते. बाकीच्यांत हे प्रमाण साडेतीन टक्के होतं. रोग एकच, फरक घटलेल्या वजनाचा.

तोंडाची जखम तर सतत लाळेत भिजते. काढलेल्या गालाच्या जागी छातीचा स्नायू, जबड्याच्या जागी पायाचं हाड बसवतात. टाके उसवले तर लाळ मानेत झिरपते आणि पुढचं रेडिएशन लांबतं. ते शक्यतो ऑपरेशननंतर सहा आठवड्यांत सुरू व्हायला हवं. जखम सांधणारं कोलॅजन हे प्रथिनच. आहारातून प्रथिनं मिळाली नाहीत, तर शरीर स्वतःचे स्नायू मोडून ती वापरतं.

जखम भरेपर्यंत आहार नाकातून पोटात घातलेल्या नळीनेच जातो. म्हणून त्या नळीतून काय जातंय, ते पाहावं. साठ किलोच्या माणसाला रोज साधारण 1500 ते 1800 कॅलरी आणि 70 ते 90 ग्रॅम प्रथिनं लागतात. आपल्याकडे मायेने दिलं जातं ते काय? शहाळ्याचं पाणी, मोसंबीचा रस, वरणावरचं पाणी. नळी तुंबू नये म्हणून सगळं गाळलेलं. डाळ गाळणीतच राहते! पेलाभर दुधात सहा-सात ग्रॅम प्रथिनं, अंड्यात सहा. शहाळ्यात जवळजवळ काहीच नाही. दूध पावडर किंवा तयार प्रथिन पावडर किती घालायची, हे आहारतज्ज्ञाकडून ग्रॅममध्ये लिहून घ्यावं. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर हिशेब बदलतो.

फार खंगलेल्या रुग्णाला आधी सात ते चौदा दिवस नळीने पोसावं, त्यासाठी ऑपरेशन थोडं पुढे गेलं तरी चालेल, असं युरोपातल्या पोषणतज्ज्ञांची मार्गदर्शक सूचना सांगते. नातेवाइकांना हे पटवणं कठीण. गाठ अंगात असताना थांबायचं कसं?

मात्र खूप दिवसांच्या उपाशी माणसाला एकदम भरपूर देणंही धोक्याचं. रक्तातलं फॉस्फेट आणि पोटॅशियम झपाट्याने उतरतं, हृदयाची लय बिघडू शकते. त्यामुळे सुरुवात थोड्या आहाराने, सोबत थायमिन, आणि पहिले काही दिवस रोज रक्ततपासणी.