हौशी रंगमंचावरील ‘संशयकल्लोळ’

नोकरी, दुकान, शाळा आणि घरसंसार सांभाळून संध्याकाळी तालमीला जमणाऱ्या माणसांनी मराठी रंगभूमीचा फार मोठा भार आजवर वाहिला आहे. व्यावसायिक नाटक मंडळ्यांच्या कथा सर्वांना ठाऊक असतात. परंतु बँका, विमा कचेऱ्या, पोस्ट, वीज मंडळ आणि शाळा यांतील कर्मचाऱ्यांनी गावोगावी नाटक जिवंत ठेवले, याची नोंद क्वचितच घेतली जाते. १९५४ साली सुरू झालेली राज्य नाट्य स्पर्धा, कामगार कल्याण मंडळाच्या स्पर्धा आणि आंतरबँक स्पर्धा ही या मंडळींची हक्काची व्यासपीठे ठरली. दिवसा खतावणी तपासणारा हात रात्री तलवार धरू शकतो, हे या रंगमंचाने अनेकदा दाखवून दिले आहे.

अशा एखाद्या संस्थेने जुने अभिजात विनोदी नाटक बसविण्याचे ठरविले, की गोविंद बल्लाळ देवल यांच्या ‘संगीत संशयकल्लोळ’चे नाव हमखास पुढे येते. कथा घरगुती, विनोद निर्मळ, पदे श्रोत्यांच्या ओठांवर असलेली, आणि आजोबांपासून नातवापर्यंत सर्वांनी एकत्र बसून पाहावे असे नाटक. यापेक्षा अधिक काय हवे, असा विचार प्रथम मनात येतो. पहिल्या पंधरवड्याच्या तालमी झाल्या, की हे नाटक वरून दिसते तितके सोपे नाही, हे ध्यानात येऊ लागते.

पॅरिस, लंडन आणि सांगली

या नाटकाची वंशावळ मोठी रंजक आहे. फ्रेंच नाटककार मोलियेर याने १६६० साली पॅरिसमध्ये ‘स्गानारेल’ हे एकांकी पद्यमय प्रहसन रंगभूमीवर आणले आणि त्यातील संशयी नवऱ्याची भूमिका स्वतःच केली. पुढे आर्थर मर्फी या लेखकाने त्याच कथाबीजावरून ‘ऑल इन द राँग’ हे पाच अंकी इंग्रजी नाटक रचले. त्याचा प्रयोग १७६१ मध्ये लंडनच्या ड्ररी लेन नाट्यगृहात झाला. सांगलीजवळच्या हरिपूरचे देवल यांनी मर्फीच्या नाटकाचा आधार घेऊन ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ हे गद्य नाटक लिहिले. ते साल होते १८९३. आयुष्याच्या अखेरच्या काळात त्यांनी त्यालाच संगीत नाटकाचे रूप दिले. १९१६ च्या जून महिन्यात देवल निवर्तले आणि त्याच वर्षी, त्यांच्या पश्चात, गंधर्व नाटक मंडळीने ‘संगीत संशयकल्लोळ’ रंगमंचावर आणले. गणपतराव बोडस यांचा फाल्गुनराव आणि बालगंधर्वांची रेवती हे त्या प्रयोगांचे वैभव होते.

परक्या मातीतले रोप देवलांनी असे काही रुजविले, की आज कोणाला ते परके वाटत नाही. पुरुषपात्रांची नावे महिन्यांवरून आणि स्त्रीपात्रांची नक्षत्रांवरून ठेवण्याची त्यांची कल्पना तर प्रेक्षकांना आजही सुखावते. फाल्गुनराव, अश्विनशेठ, वैशाखशेठ, भादव्या. कृत्तिका, रेवती, रोहिणी, मघा. एखादे पंचांगच बोलू लागावे, तसा हा गोतावळा रंगमंचावर वावरतो.

एक तसबीर आणि चार संशयी मने

कथासूत्र थोडक्यात असे. घेरी आलेल्या रेवतीला वाटेवर फाल्गुनराव सावरतात आणि नेमके ते दृश्य त्यांच्या पत्नीच्या, कृत्तिकेच्या, दृष्टीस पडते. रेवतीजवळची अश्विनशेठची तसबीर त्या गडबडीत खाली पडते व कृत्तिकेच्या हाती लागते. पत्नीच्या हातात परपुरुषाची तसबीर पाहून फाल्गुनरावांचे डोके फिरते. पुढे तीच तसबीर फाल्गुनरावांपाशी दिसल्यावर अश्विनशेठला वाटते, की रेवतीने आपल्या प्रेमाची निशाणी दुसऱ्याला देऊन टाकली. आणि अश्विनशेठच्या बदललेल्या वागण्यामुळे रेवतीच्याही मनात काहूर माजते.

प्रत्येकाने जे पाहिले ते खरे आहे, ही या रचनेतील खरी गंमत. कृत्तिकेने नवऱ्याला परस्त्रीला आधार देताना खरोखरच पाहिले आहे. फाल्गुनरावांनी तसबीरही खरोखर पाहिली आहे. खोटी आहे ती त्यावरून केलेली बेरीज. प्रश्न विचारला गेला तरी उत्तर काय असणार, हे विचारणाऱ्याने आधीच ठरविलेले असते. नोकरचाकरांना पाळतीवर ठेवले जाते आणि त्यांच्या अर्धवट बातम्यांनी आगीत तेल ओतले जाते. इंग्रजीत ज्याला ‘कॉमेडी ऑफ मॅनर्स’ म्हणतात, म्हणजे समाजातील चालीरीती, प्रतिष्ठा आणि सभ्यतेचे देखावे यांतून फुलणारा विनोद, त्याचा हा उत्तम मराठी नमुना आहे. येथील माणसे वाईट नाहीत. आपल्या अब्रूची चिंता करता करता ती स्वतःचेच हसे करून घेतात.

हसविण्याचा मोह

हौशी प्रयोगात पहिली चूक होते ती येथेच. फाल्गुनरावाची भूमिका करणाऱ्या नटाला आपण विनोदी पात्र आहोत, याची फार लवकर जाणीव होते. मग डोळे मोठे होतात, चालीत लंगडेपणा येतो, पदरची वाक्ये घातली जातात. पहिल्या दोन प्रवेशांत टाळ्या मिळतात; तिसऱ्यापासून मात्र प्रेक्षक थकतो. वास्तविक फाल्गुनरावाच्या दृष्टीने त्याचा संसार बुडत आहे. त्याची तळमळ जितकी खरी, तितका प्रेक्षक अधिक हसतो. जाणता दिग्दर्शक म्हणूनच त्या नटाला काही दिवस हे नाटक शोकांतिका समजून वाचावयास लावतो. कृत्तिकेबाबतही तेच. ती केवळ कजाग बायको झाली, की अर्धे नाटक संपले.

दुसरी अडचण वेगाची. संवाद लहान, येणे-जाणे सतत, आणि एकाने विंगेतून येण्यास दोन क्षणांचा उशीर केला तरी संशयाची साखळी तुटते. त्यातच हौशी तालमीत सर्व पात्रे एकाच दिवशी क्वचितच हजर असतात. एकाची वर्षअखेरीची कामे, दुसरीच्या मुलीची परीक्षा, तिसऱ्याची फिरती. नाटकभर हिंडणारी ती तसबीरसुद्धा जपावी लागते. ती शेवटच्या रांगेतून ओळखू यावी इतकी मोठी आणि पदराआड लपावी इतकी लहान असावी लागते. शिवाय कोणत्या प्रवेशात ती कोणाच्या हातातून कोठे जाते, याचा तक्ता विंगेत लावून ठेवणे शहाणपणाचे. एका फेरीत ती चुकीच्या खिशात राहिली, की पुढचा सारा प्रवेश अडतो.

पदे आणि जमाखर्च

तिसरी अडचण संगीताची. रात्र सरेपर्यंत प्रेक्षक बसून राहत आणि एकेका पदाला पुन्हा पुन्हा दाद मिळे, तो काळ आता राहिला नाही. आजचा प्रयोग अडीच-तीन तासांत आटोपावा लागतो. प्रशांत दामले व राहुल देशपांडे यांनी व्यावसायिक रंगभूमीवर हे नाटक नव्या पिढीसमोर आणले, तेही आजच्या प्रेक्षकाचा वेळ ध्यानात घेऊनच. हौशी संस्थेने पदे गाळताना एक कसोटी लावावी. ज्या पदाने पात्राच्या मनात काही बदलते, ते ठेवावे. जे केवळ गळ्याची तयारी दाखविते, ते कमी करावे. अश्विनशेठ आणि रेवती यांना गाणे व अभिनय दोन्ही हवे, आणि असे कलाकार मिळणे दुर्मीळ. ऑर्गन व तबल्याची साथ प्रत्यक्ष असावी. ध्वनिमुद्रित साथ नटासाठी थांबत नाही, साथीदार थांबतो.

जमाखर्चाची बाजूही पाहिली पाहिजे. देवलांच्या निधनाला शतक उलटून गेल्यामुळे त्यांच्या मूळ संहितेवर आता स्वामित्वहक्क उरलेला नाही, हा मोठाच दिलासा. मात्र अलीकडे कोणी केलेली संक्षिप्त आवृत्ती घ्यायची असेल, तर तिच्या संपादकाची परवानगी आवश्यक ठरते. नाट्यगृहाचे भाडे, नेपथ्य, भाड्याचे कपडे व दागिने, रंगभूषा, प्रकाशयोजना, साथीदारांचे मानधन, टेम्पो आणि रोजचा चहा, अशी खर्चाची यादी लांबत जाते. उत्पन्नाच्या बाजूला तिकिटे आणि स्मरणिकेतील जाहिराती. पहिल्या बैठकीतच अंदाजपत्रक सर्वांसमोर मांडले आणि प्रयोगानंतर हिशेब वाचून दाखविला, तर पुष्कळ कटुता टळते. संशयावरचे नाटक करणाऱ्या संस्था पैशाच्या संशयानेच मोडू नयेत, एवढी काळजी घेणे अवघड नाही.

रेवतीचे काय?

या सर्वांहून महत्त्वाची एक गोष्ट अनेक प्रयोगांत निसटते. रेवती ही मघा नायकिणीची मुलगी आहे. तिला रीतसर लग्न करून संसार थाटायचा आहे. फाल्गुनरावाने कृत्तिकेवर संशय घेतला, तर घरात भांडण होईल, आठ दिवस अबोला राहील. तिचे पत्नीपद सहसा जाणार नाही. रेवतीवरचा संशय मात्र तिचे सारे भवितव्य हिरावून घेऊ शकतो, कारण तिच्या जन्मामुळे जग तिच्याविषयी वाईट ते मानण्यास आधीच तयार बसले आहे. सुशिक्षित, प्रेमळ अश्विनशेठचे मनसुद्धा एका तसबिरीने डळमळावे, यात त्या समाजाचे मोठे चित्र आहे.

देवलांना हा विषय नवा नव्हता. ‘मृच्छकटिक’ मराठीत आणताना त्यांनी वसंतसेनेला, गणिकेला, कुलवधूच्या पदापर्यंत पोहोचताना दाखविले होते. ‘शारदा’ नाटकात त्यांनी वृद्धाशी बांधल्या जाणाऱ्या बालिकेची कैफियत मांडली. ‘संशयकल्लोळ’मध्ये त्यांनी उपदेश केला नाही, परंतु रेवतीला स्वाभिमान दिला. म्हणून तिच्या वाट्याला आलेल्या आरोपाच्या प्रवेशात नट-नटीने हशासाठी घाई करू नये. प्रेक्षागृह क्षणभर शांत झाले पाहिजे. ती शांतता साधली, तर अखेरीस गैरसमज दूर होऊन दोघांचे मीलन होते, तेव्हा प्रेक्षकाला केवळ गंमत संपल्याचे नव्हे, तर एका मुलीवरचे अरिष्ट टळल्याचे समाधान मिळते.

पूर्वी ही भूमिका पुरुष करीत. आज हौशी संस्थांत एखादी शिक्षिका, परिचारिका किंवा कारकून स्त्री घरचा स्वयंपाक उरकून तालमीला येते आणि रेवती उभी करते. तिला उशीर झाला तर घरी कोणते प्रश्न विचारले जातील, हा विचार तालमीची वेळ ठरविताना व्हावयास हवा. तालमीची वेळ आणि ठिकाण आगाऊ कळविणे, ठरलेल्या घटकेला तालीम संपविणे, परतीची सोय करणे, तिच्या घरच्यांना एखाद्या तालमीस बोलाविणे, या साध्या गोष्टी संस्थेने पाळल्या तर कलावती टिकतात. ज्या संस्था पाळत नाहीत, त्यांना दर वर्षी नवी रेवती शोधावी लागते.

आपल्या गावी कोणी हे नाटक बसवीत असेल, तर तिकीट काढून, घरातील वडीलधाऱ्यांना आणि मुलांना घेऊन ते जरूर पाहावे. ज्येष्ठांना जुनी पदे ऐकण्याचा आनंद मिळेल. तरुणांना मोबाइलवरील एका छायाचित्रावरून अथवा अर्ध्या निरोपावरून आजही किती घरे अस्वस्थ होतात, याची आठवण होईल. आणि पडदा पडल्यावर विंगेत जाऊन त्या कलाकारांना दोन शब्द अवश्य सांगावेत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना पुन्हा कामावर जायचे असते.