सडा रिकामा नसतो : ग्रॅव्हल सायकलवरून रत्नागिरी ते जैतापूर

मागच्या एका भागात मी ओघात बोलून गेलो की कोकण ग्रॅव्हल सायकलवर बघायला हवं, आणि त्यावर बऱ्याच जणांनी विचारलं, हे ग्रॅव्हल म्हणजे नक्की काय? आणि साध्या सायकलवर कोकण दिसत नाही का? तर आजचा भाग त्यावरच. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं त्यांच्यासाठी हा लेखी अवतार. आणि हो, यात माझी एक चूकही सांगायची आहे. खरं तर तिच्यासाठीच हा भाग केलाय.

आधी सायकल. ग्रॅव्हल म्हणजे खडी. अमेरिकेच्या मधल्या राज्यांत शेतांमधून मैलोन्‌मैल खडीचे रस्ते जातात. रेसिंगच्या सायकली तिथे टिकेनात आणि डोंगरी सायकली फार जड पडत. त्यातून ही मधली जात तयार झाली. कॅन्सस राज्यातल्या एम्पोरिया गावी २००६ साली सुरू झालेली दोनशे मैलांची शर्यत आज या प्रकाराची पंढरी समजली जाते.

दिसायला ही सायकल रेसिंगचीच, तशीच खाली वळलेल्या हँडलची. फरक टायरमध्ये. रेसिंग सायकलचं टायर २५ ते २८ मिलिमीटर रुंद असतं, ग्रॅव्हलचं साधारण ४०. रुंद टायरला हवा कमी लागते. माझं वजन सत्तरच्या आसपास, मी ३५ ते ४० पीएसआय ठेवतो. रेसिंगला याच्या दुप्पट लागते. कमी हवेचं टायर दगडावर उडत नाही, दगडाला धरून चालतं. सोबत डिस्क ब्रेक आणि चढासाठी हलके गिअर. झालं, एवढंच.

आता कोकणच का? कारण आपल्याकडे खडीही आहे आणि खाडीही! रत्नागिरीहून दक्षिणेला निघालात की भाट्याची खाडी लागते, मग पूर्णगडला मुचकुंदीची, पुढे जैतापूरची. प्रत्येक खाडीला रस्ता समुद्रसपाटीला उतरतो आणि पूल संपला की पुन्हा वर चढतो. वर गेल्यावर जे सपाट, लालसर, उघडं माळरान लागतं, तो सडा.

हे चढउतार म्हणजेच इथला इतिहास आहे. गलबतं खाड्यांतून आत यायची, म्हणून बंदरं खाडीकाठी आणि त्यांच्यावर नजर ठेवणारे किल्ले खाडीच्या तोंडाशी. पूर्णगड तसाच, नाट्याचा यशवंतगडही तसाच. जैतापूरच्या खाडीतून माल आत राजापूरला जायचा आणि तिथून घाट चढून देशावर. म्हणून तर सतराव्या शतकात इंग्रजांनी राजापूरला वखार घातली आणि म्हणूनच १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी तिच्यावर हात टाकला. खाडी कळली की किल्ला कळतो. आणि सायकलवर खाडी पायांना कळते, कारण प्रत्येक खाडीचा चढ तुम्हालाच चढायचा असतो.

पण डांबरी रस्त्याने गेलात तर इतकंच दिसतं. सडा बघायचा तर डांबर सोडावं लागतं.

सड्यावरचा दगड म्हणजे जांभा. हजारो-लाखो वर्षांच्या पावसाने आणि उन्हाने मूळ खडकातली सिलिका वाहून गेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं. म्हणून रंग लाल. खाणीतून चिरा काढताना तो तुलनेने मऊ असतो, हवा लागली की घट्ट होतो. कोकणातली घरं, गडगे, पाखाड्या, विहिरी, किल्ले सगळं यातूनच उभं राहिलं. सायकलच्या भाषेत सांगायचं तर कोरडा कातळ खरखरीत असतो, टायर छान धरतो. त्यावरचे सुटे लाल खडे मात्र गोट्यांसारखे घरंगळतात, तिथे पुढचा ब्रेक जपून. आणि पावसाळ्यात शेवाळ धरलं की सायकल घरी ठेवायची. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा खरा मोसम.

आता माझी चूक.

दोन वर्षांपूर्वी, डिसेंबरात, कशेळीच्या पुढे मी एका सड्यावर सायकल घातली. वाट अशी नव्हतीच. समोर मोकळा कातळ, कडेला समुद्र. मी अक्षरशः मोकाट सुटलो होतो. लांब गुरं चारणारे एक आजोबा हात हलवत होते. मला वाटलं, राम राम करतायत. मीही हात हलवला आणि आणखी जोरात मारली. शेवटी ते धावतच आले.

"अवो, थांबा! खाली बघा जरा. माशावरनं गेलात तुम्ही."

मी खाली बघितलं, काहीच दिसेना. त्यांनी काठीने रेघ दाखवली, मग दुसरी, मग शेपटी. पुरुषभर लांबीचा मासा कातळात कोरलेला होता, आणि माझ्या चाकाची लाल धुळीची रेघ त्याच्या पोटावरून गेली होती.

आजोबा चिडले नाहीत. म्हणाले, "आमची गुरंपण जातात. पण गुरांना ठाऊक नसतं." यावर मी काय बोलणार?

ही कातळशिल्पं. रत्नागिरी, सिंधुदुर्गाच्या सड्यांवर ती विखुरलेली आहेत. मासे, कासवं, माणसं, भौमितिक आकृत्या, आणि आज कोकणात नसलेला गेंडासुद्धा. कशेळीचा हत्ती सुमारे अठरा मीटर लांब आहे आणि त्याच्या पोटात इतर प्राणी कोरलेत. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे यांच्यासारख्या अभ्यासकांनी गावोगाव फिरून, गुराख्यांना विचारून यातली कितीतरी उजेडात आणली. २०२२ मध्ये कोकणातली आठ आणि गोव्यातलं एक ठिकाण युनेस्कोच्या संभाव्य यादीत आलं. पण यादीत नसलेली शिल्पं तशीच उघड्यावर आहेत. कुठे चिरेखाण सरकत जवळ येते, कुठे कातळ फोडून कलमं लावली जातात. सरकारी कागदावर सडा पडीक, नकाशावर कोरा. आणि माझ्यासारखा सायकलवाला त्याला 'मोकळा' समजतो. शब्द वेगळे, चूक तीच.

तेव्हापासून मी काही गोष्टी पाळतो. सड्यावर मळलेली वाट सोडायची नाही. शिल्प बघायला जायचं तर सायकल गडग्यापाशी ठेवून चालत. आधी गावात विचारायचं, कारण बहुतेक सडे कुणाच्या तरी मालकीचे असतात. फोटो उठावदार यावा म्हणून रेघांत खडू किंवा पाणी घालायचं नाही. त्यापेक्षा सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर जा, तिरप्या उन्हात रेघा आपोआप उठून दिसतात. नवीन काही सापडलं तर ठिकाण इंटरनेटवर टाकायच्या आधी गावाला सांगा. आणि बागेचं बेडं उघडलंत तर मागे लावून घ्या.

पाणी मात्र तीन लिटर न्याच. सड्यावर सावली नाही. अकरा ते तीन एखाद्या देवळात टेका, कशेळीला कनकादित्य आहे, आडिवऱ्याला महाकाली.

परत येताना त्या आजोबांनी मला ताक पाजलं आणि मासा पुन्हा दाखवला. या वेळी मला तो लगेच दिसला. सायकल हातात धरून चालत होतो ना!

तर मंडळी, तुमच्या गावच्या सड्यावर काय आहे, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा आणि मला कळवा. भेटू पुढच्या भागात.