हिवाळ्यात व्हिएन्ना-बुडापेस्ट : सफर आणि नमाज

डिसेंबरच्या सुट्टीत कशेळी-भिवंडीहून युरोपला निघणार असाल, तर व्हिएन्ना आणि बुडापेस्ट ही जोडी सोयीची. दोन्ही देशांना एकच शेंगेन व्हिसा चालतो; मधला रेल्वेप्रवास सुमारे अडीच तासांचा.

खरा प्रश्न नमाजचा. आपल्याकडे सूर्य सहानंतर मावळतो; तिथे डिसेंबरअखेर चारच्या सुमारास मगरिब होते. असर दोनच्या आधीच लागते. राजवाडा पाहण्याच्या नादात नमाज कजा व्हायला वेळ लागत नाही. शाफई मसलकात मुसाफिराला जोहर-असर एकत्र, कसर करून पढता येते; पण एका शहरात पूर्ण चार दिवस राहण्याची नियत असेल, तर ही सवलत उरत नाही. म्हणून दोन्हीकडे तीन-तीन दिवसांचा मुक्काम बरा. हनफी घरांनी आपल्या आलिमांना विचारून निघावे. फजर मात्र सुखाची, सूर्य साडेसातच्या सुमारास उगवतो.

ऑस्ट्रियाने 1912 मध्येच इस्लामला कायद्याने मान्यता दिली. व्हिएन्नात डॅन्यूबजवळ 1979 साली उघडलेली मिनार-घुमटाची मशीद आहे. बुडापेस्टच्या टेकडीवर उस्मानी काळातील दरवेश गुलबाबांची मजार आहे. सोळाव्या शतकातील ही अष्टकोनी वास्तू आजही उभी आहे. तिथे फातिहा पढावी.

खाण्यात जपावे. हंगेरियन गुलाशमध्ये पुष्कळदा डुकराची चरबी असते. नाताळच्या बाजारातील वाफाळता पेला बहुधा दारूचा. व्हिएन्नात मुलांसाठी बिनदारूचा ‘किंडरपुन्श’ मागावा. तुर्की दुकानांत हलाल मिळते, तरी विचारूनच घ्यावे. विचारायला लाजू नये.