पंचेचाळीस वेळा दुप्पट

सेवाग्रामच्या आसपासच्या गावांत १९८० च्या सुमारास आजारपणाच्या विम्याचा हप्ता ज्वारीत भरता येऊ लागला. सुगीला शेतकऱ्याच्या हाती रोकड नसली तरी दाणा असतो, एवढ्या साध्या हिशेबावर महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतल्या डॉ. उल्हास जाजू यांनी ही योजना उभी केली. ज्वारी गोळा व्हायची आणि तिच्या बदल्यात कस्तुरबा रुग्णालयात उपचार मिळायचे. वैद्यकातले आकडे वाचताना डोळे फिरायला लागले की मी हेच माप हाती घेतो. ज्वारीचा एक दाणा, वजन अंदाजे ३० मिलिग्रॅम.

प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ३७ लाख कोटी पेशी असतात. पेशीमागे एक दाणा ठेवायचा म्हटलं तर ११ लाख टन ज्वारी लागेल. म्हणजे दहा टनी ट्रक १ लाख १० हजार. एकामागे एक उभे केले तर सेवाग्रामशेजारच्या वर्ध्याच्या बजाज चौकातून निघालेली रांग मुंबईला पोचून वर तीन-साडेतीनशे किलोमीटर उरते. एका माणसाच्या कातडीच्या आत हे सगळं मावतं, आणि त्याची सुरुवात खरोखर एका दाण्यापासून होते.

तो दाणा म्हणजे फलित बीज, व्यास जेमतेम ०.१ मिलिमीटर. नजर चांगली असेल तर पांढऱ्या ठिपक्यासारखं दिसेलही. त्याचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ असं फक्त ४५ वेळा दुप्पट करा, आकडा ३५ लाख १८ हजार कोटींवर जातो. चव्वेचाळिसाव्या पायरीला उभं राहिलात तर अजून निम्मंच शरीर झालेलं असतं! अर्थात शरीर असा पाढा सरळ म्हणत नाही. कुठे थांबतं, कुठे मोडतं. हाताची बोटं सुटी होतात ती मधल्या पेशी मरतात म्हणून. सी. एलिगन्स नावाच्या मिलिमीटरभर किड्यात तर शास्त्रज्ञांनी हा हिशेब पेशीन् पेशी मोजला: १,०९० तयार होतात, १३१ ठरल्या वेळी मरतात, ९५९ उरतात. माणसाचं असं मोजणं अशक्य. आपल्या रक्तात दर सेकंदाला २० लाखांहून जास्त नव्या तांबड्या पेशी येतात आणि साधारण तेवढ्याच जातात.

आता घड्याळ पाहा. गर्भाच्या पहिल्या काही दिवसांत एक दुप्पट व्हायला साधारण दिवस लागतो. तिसऱ्या दिवशी आठ पेशी, पाचव्या-सहाव्या दिवशी शंभर-दोनशे. आणि याच पाढ्याने वाढणारा क्षयाचा जंतू? तोही दुप्पट व्हायला जवळजवळ तेवढाच वेळ घेतो, सुमारे २० तास. पोटातला ई. कोलाय हा जंतू अनुकूल परिस्थितीत दर २० मिनिटांनी दुप्पट होतो. त्याला कुणी न अडवता २४ तास खाऊ घातलं तर ७२ दुपटी होतील आणि ढीग ४,७०० टनांचा होईल. त्याच्यापुढे क्षयाचा जंतू म्हणजे बैलगाडीच.

वर्ध्याची त्याहून मंद जंतूशीही जुनी ओळख आहे. मनोहर दिवाणांनी १९३६ साली दत्तपूरला कुष्ठधाम सुरू केलं आणि सेवाग्राम आश्रमात कुष्ठरोग झालेल्या परचुरे शास्त्रींच्या जखमा गांधीजी स्वतः धूत. त्या कुष्ठरोगाच्या जंतूला एकदा दुप्पट व्हायला १२ ते १४ दिवस लागतात. तेवढ्यात क्षयाचा एक जंतू ३२ हजारांच्या वर गेलेला असतो. कुष्ठाचा जंतू प्रयोगशाळेच्या बशीत आजवर वाढवताच आलेला नाही. क्षयाचा वाढतो, पण निवांत. त्यासाठी वापरतात त्या लोवेनस्टाइन-जेन्सन माध्यमात कोंबडीची अंडी असतात. अंड्यावर २० दिवसांत २४ दुपटी झाल्या तर १ कोटी ६७ लाख जंतू होतात, तेव्हा कुठे पिवळसर कण डोळ्यांना दिसू लागतो. म्हणून जुन्या पद्धतीच्या अहवालाला सहा-आठ आठवडे लागतात. सूक्ष्मदर्शकाखाली बेडका तपासणं झटपट होतं, पण मिलिलिटरभर बेडक्यात पाच-दहा हजार जंतू असल्याखेरीज ते हाती लागत नाहीत. संसर्ग व्हायला मात्र हवेतून फुप्फुसात गेलेले मोजके जंतू पुरतात.

हा संसर्ग सेवाग्रामातच मोजला गेला. डॉ. मधुकर पै आणि तिथल्या डॉक्टरांनी महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतले विद्यार्थी, परिचारिका, कर्मचारी मिळून ७२६ जणांची त्वचेची आणि रक्ताची अशा दोन चाचण्यांनी तपासणी केली. ‘जामा’ या नियतकालिकात २००५ साली निष्कर्ष आले: ३६० जण, म्हणजे निम्मे, निदान एका चाचणीत संसर्ग झालेले निघाले. वयाचा मध्यांक २२! संसर्ग म्हणजे आजार नव्हे. शंभरातल्या पाच-दहांनाच आयुष्यात कधीतरी क्षय होतो, बाकीच्यांत जंतू निजून राहतो. जगातल्या एक चतुर्थांश माणसांत तो असा निजलेला आहे. हेच प्रमाण वर्धा जिल्ह्याच्या २०११ च्या १३ लाख लोकसंख्येला लावलं तर सव्वातीन लाख.

जो जागा होतो तो फुप्फुसात पोकळी करतो. एका पोकळीत १०० कोटी जंतू असू शकतात. दर १० लाखांत एक जंतू आयसोनियाझिड या औषधाला आपसूक दाद देत नाही, रिफाम्पिसिनला दर १० कोटींत एक. म्हणजे एकच औषध द्याल तर पोकळीत हजार किंवा दहा जंतू वाचतात आणि पुढच्या पिकाचं बियाणं तेच. दोन्ही एकदम दिलीत तर दोघांनाही न जुमानणारा जंतू १०० लाख कोटींत एक. हा आकडा रोग्याच्या स्वतःच्या पेशींच्या संख्येहून मोठा आहे. एका गोळीत चार-चार औषधं कोंबण्यामागचं गणित मला वैद्यकातलं सर्वांत देखणं वाटतं.

आणि तरीही माणसं निसटतात. भारतात २०१३ साली क्षयाचे २७ लाख रुग्ण होते, असा अंदाज धरून संशोधकांनी सरकारी कार्यक्रमातली गळती मोजली. तपासणीपर्यंत पोचले ७२ टक्के. निदान झालं ६० टक्क्यांचं, नोंद ५३ टक्क्यांची, उपचार पुरे झाले ४५ टक्क्यांचे, आणि वर्षभर आजार न उलटता जगले ३९ टक्के. पहिली पायरी सोडली तर प्रत्येक पायरीवर शंभरातले ८४ ते ८७ जण पुढे गेले आहेत. शाळेत एवढे गुण मिळाले तर पेढे वाटतात. पण इथे गुणाकार आहे, दुपटीच्याच जातीचा, फक्त उलट्या दिशेचा. पाचही पायऱ्या ९५ टक्क्यांवर नेल्या तर शेवटी ७७ टक्के उरतात, म्हणजे त्या २७ लाखांत १० लाख माणसं जास्त वाचतात. नवं औषध नको, नवा शोध नको. बेडक्याची डबी वेळेवर पोचली पाहिजे, अहवाल रोग्याच्या हाती पडला पाहिजे, नोंदवहीतलं नाव त्याच दिवशी चढलं पाहिजे. रुग्णालयांत याला क्वालिटी इम्प्रूव्हमेंट म्हणतात. नाव भपकेबाज आणि काम कारकुनाचं, म्हणून त्याला टाळ्या मिळत नाहीत.

क्षय झालेल्या पंचेचाळीस किलोच्या बाईला रोज तीन गोळ्या, १६८ दिवस, एकूण ५०४. ती गरोदर असली तरी साध्या क्षयाला हीच औषधं चालतात. बाळाच्या कानांना धोका असलेलं स्ट्रेप्टोमायसिन यांत नाही. आईच्या फुप्फुसातून जंतू गर्भापर्यंत जाण्याचे प्रसंग जगभरच्या वैद्यकीय लेखनात काहीशेच सापडतात. वार बहुधा त्याला अडवते. एका देहात एक दिवसाचं आणि वीस तासांचं अशी दोन घड्याळं चालू असतात. चाळीस आठवड्यांच्या गर्भारपणात औषधाचे चोवीस आठवडे बसतात, आणि निदान लवकर झालं असेल तर वर सोळा उरतात.